रोग हाल्याला, औषध पखालीला



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून उन्हाळ्याच्या संध्याकाळी महाराष्ट्रातील माणसे वेदान्तापासून अर्थकारणापर्यंत सर्व काही ऐकत आली आहेत. मोटारीच्या टर्बोवर व्याख्यान ठेवण्याचे धाडस मात्र आपल्या चिटणीसांचे. आमचे आयुष्य पोरांना इंजिन उघडायला शिकवण्यात गेले, तेव्हा आम्ही बोलणार ते इंजिनावरच. पण आज सांगायची आहे ती आमच्या शहाणपणाची गोष्ट नव्हे. आमच्या एका चुकीची आहे.

धारूरचा घाट तुम्हां सर्वांच्या परिचयाचा आहे. त्या घाटाखालच्या एका गावातील गृहस्थ. नाव सांगत नाही. सात हंगाम नवरा-बायको दोघे ऊसतोडीला गेले. आपल्या जिल्ह्यात अशा जोडीला 'एक कोयता' म्हणतात. हातचा कोयता सुटावा आणि दिवाळीनंतर पोरांची शाळा मोडू नये, म्हणून त्यांनी एक जुनी डिझेल मोटार घेतली. गावातले आजारी माणूस घाट चढून अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात न्यायचे, लग्नाची माणसे पोचवायची, यावर घर चालू लागले.

एके दिवशी मोटारीने दम टाकला. घाट चढेना, मागून निळा धूर. गॅरेजवाल्याने निदान केले, टर्बो गेला. दुरुस्त केलेला जुना टर्बो बसवला. मूळचा बदल्यात गेला. चार महिन्यांत तोही शिट्टी मारू लागला आणि मेला. तेव्हा गृहस्थ आमच्याकडे आले. आम्ही बॉनेटसुद्धा उघडले नाही. खुर्चीत बसूनच सांगितले, "दुरुस्तीचा माल असाच असतो. आता नवा घाला." आमच्या शब्दावर त्यांनी बायकोच्या पाटल्या गहाण ठेवल्या आणि नवा कोरा टर्बो आणला. तो तीन महिने टिकला.

ही आमची चूक. ती कशी झाली हे कळण्यासाठी टर्बो म्हणजे काय, हे आधी थोडक्यात पाहू.

आल्फ्रेड बुखी नावाच्या स्विस अभियंत्याने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. कल्पना साधी आहे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तापलेल्या धुरात पुष्कळ जोर असतो आणि तो एरवी वाया जातो. त्या धुराच्या वाटेत एक पंख्याचे चाक बसवायचे. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चाक. धूर पहिले फिरवतो, दुसरे बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. हवा जास्त म्हणून डिझेल जास्त जाळता येते आणि लहान इंजिन मोठ्याचे काम करते.

आता हा दांडा जेमतेम पेन्सिलीएवढा. तो मिनिटाला दोन लाख फेऱ्यांपर्यंत फिरतो. एका बाजूला सातशे-आठशे अंशांचा धूर आणि दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. असा दांडा धातूवर धातू घासून क्षणभरही टिकणार नाही. तो बुशात तरंगतो, ऑइलच्या केसाहून पातळ थरावर. हे ऑइल इंजिनातून एका बारीक नळीने वरून येते आणि जाड नळीने आपल्या वजनाने खाली चेंबरमध्ये परत जाते. टर्बोचे सारे आयुष्य त्या बारीक नळीवर टांगलेले असते.

म्हणून टर्बो सहसा स्वतःच्या दोषाने मरत नाही, त्याला मारले जाते. मारेकरी फार नाहीत आणि प्रत्येक जण आपली खूण मागे ठेवतो. हवेच्या फिल्टरातून धूळ शिरत असेल, तर हवेकडच्या चाकाची पाती झिजून धारदार होतात. एखादा नट वा तुकडा आत गेला असेल, तर पाती वाकतात, तुटतात. ऑइल घाण असेल, तर दांड्यावर आणि बुशावर बारीक चरे उमटतात. आणि ऑइल पोचलेच नसेल, तर दांडा तापून निळा पडतो. ज्याला मेलेला टर्बो वाचता येतो, त्याला पुढचा वाचवता येतो. आम्ही हे पंचवीस वर्षे फळ्यावर लिहीत होतो आणि त्या दिवशी मात्र जुना टर्बो हातात न घेता नवा आणायला सांगितला.

तिसरा टर्बो मेला तो रात्री, घाटात. मोटारीत पोटदुखीने कळवळणारी एक म्हातारी आणि तिचा मुलगा होता. एकाएकी इंजिन आपोआप रेस होऊ लागले. चावी काढली तरी थांबेना. पांढऱ्या धुराने रस्ता दिसेना. झाले होते ते असे की, झिजलेल्या बुशातून ऑइल हवेच्या वाटेत उतरत होते आणि डिझेल बंद केले तरी इंजिन स्वतःचेच ऑइल जाळत पळत होते. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. जळण्यासारखे काही आणि हवा मिळाली की पुरे. अशा वेळी इंजिन फुटूही शकते. गृहस्थांना एका जुन्या ट्रक ड्रायव्हरने शिकवलेले आठवले. त्यांनी ब्रेक गच्च दाबला, वरचा गेअर टाकला आणि क्लच एकदम सोडला. इंजिन गचका खाऊन बंद पडले. मागून आलेल्या टेंपोने म्हातारीला अंबाजोगाईला पोचवले. ती वाचली. गृहस्थ रात्रभर मोटारीपाशी बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी मोटार ओढून आमच्या दारात आली. आम्हांला वाटले, आता बोलणी खावी लागणार. ते एवढेच म्हणाले, "सर, पुन्हा मुकादमाची उचल घ्यायची का काय, तेवढं सांगा."

विक्रेत्याने हमी नाकारली होती. ऑइल न मिळाल्याने टर्बो गेला, असे त्याचे म्हणणे. आम्ही आधी त्याच्यावर रागावलो. मग दुसरा आणि तिसरा असे दोन्ही मेलेले टर्बो बाकावर शेजारी शेजारी ठेवले आणि उघडले. आमचा संशय धुळीवर होता. घाटाचा रस्ता, उसाच्या गाड्या, काळ्या मातीचा फुफाटा. पण हवेकडची पाती स्वच्छ होती. दोन्ही दांडे मात्र धुराकडच्या टोकाला निळे आणि त्यांवर बारीक चरे. दोन्ही एकाच आजाराने गेले होते. विक्रेता खरे बोलत होता.

ऑइलच्या दाबाचा दिवा कधी लागला नव्हता. म्हणजे इंजिनात दाब आहे आणि टर्बोपर्यंत काही पोचत नाही. आम्ही ती बारीक नळी काढली. बाहेरून ती धडधाकट. करवतीने उभी चिरली, तेव्हा आत कोळशाचा थर आणि मधे सुई जाईल एवढी वाट. तीन टर्बो मेले, ही नळी एकदाही बदलली गेली नव्हती. तिची किंमत हजार रुपयांच्या आत.

नळी बदलून थांबलो असतो, तर चौथाही गेला असता. कोळसा आला कुठून? एक कारण सवयीचे. घाट चढून वर आले की चहासाठी थांबायचे आणि चावी लगेच बंद. लाल झालेल्या टर्बोपाशी अडकलेले ऑइल तिथेच करपते. दुसरे कारण काटकसरीचे. ऑइल बदलायचे, ते दुप्पट किलोमीटर चालवायचे. तिसरे कारण कोणी पाहिलेच नव्हते. इंजिन सुरू केले की वरून फुस्-फुस् आवाज येई, आणि एका इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा लगदा साचला होता. इंजेक्टरखालचा तांब्याचा वॉशर गळत होता. तिथून निसटणाऱ्या जळक्या वायूंची काजळी ऑइलमध्ये मिसळे. चेंबर खाली उतरवले, तर ऑइल ओढणारी जाळी निम्मी बुजलेली. वॉशरची किंमत? शंभर रुपयांच्या आत.

हे दुखणे आपल्याच जिल्ह्याचे नव्हे. पेजो-सित्रोएन आणि फोर्ड यांच्या १.६ लिटर डिझेल इंजिनावर युरोपभर हाच अनुभव आला: गळणारे वॉशर, ऑइलमध्ये काजळी, तुंबलेली नळी आणि एकामागून एक मरणारे टर्बो. तिथेही पुष्कळांनी आधी टर्बोच बदलले.

पुढचे काम कष्टाचे होते, अवघड नव्हते. इंजेक्टरच्या बैठका साफ करून नवे वॉशर घातले. चेंबर आणि जाळी धुतली. नळी आणि तिचे पोकळ बोल्ट नवे घेतले. परतीची नळी मोकळी आहे ना, पाहिले. इंटरकूलर आणि हवेचे पाइप धुऊन त्यांत साचलेले ऑइल काढले. ते राहिले असते, तर इंजिन पुन्हा तसेच उधळले असते. नवे ऑइल, नवा फिल्टर. टर्बोच्या तोंडात आधी हाताने ऑइल ओतले आणि इंजिन सुरू न करता नुसता सेल्फ मारून दाब येऊ दिला. मग परतीची नळी बाटलीत सोडून पाहिले. जिथून थेंब येत असणार, तिथून आता धार येत होती. त्या धारेकडे गृहस्थ कितीतरी वेळ पाहत उभे होते. हजार किलोमीटरवर ऑइल पुन्हा बदलले, कारण जुनी काजळी एका धुण्यात निघत नाही.

या चौथ्या टर्बोचे निम्मे पैसे आम्ही दिले. गृहस्थ घेत नव्हते. आम्ही म्हणालो, ही आमची फी आहे, तुम्ही आम्हांला शिकवले त्याची. त्याला दोन वर्षे होऊन गेली. टर्बो चालू आहे. घाटमाथ्यावर थांबले की ते दोन मिनिटे इंजिन तसेच चालू ठेवतात आणि मगच चहा सांगतात. पाटल्याही सुटल्या.

आपल्या मराठवाड्यात म्हण आहे, रोग हाल्याला आणि औषध पखालीला. पाणी वाहणारा हाल्या आजारी पडतो आणि लोक कातडी पखालीला औषध लावतात, कारण गळताना दिसते ती पखाल. आम्ही शिकलेल्या माणसांनी नेमके तेच केले. तरुण मेकॅनिक मित्र येथे बसले आहेत. त्यांना एवढेच सांगणे आहे की, मोडलेला भाग फेकून देऊ नका, बदल्यात देण्याआधी तो उघडून वाचा. काय मोडले, हे गिऱ्हाइकालाही दिसते. त्याच्यापर्यंत काय पोचले नाही, हे शोधण्यासाठी तो तुमच्याकडे येतो. आणि खुर्चीत बसून निदान करण्याआधी लक्षात ठेवा की, त्या निदानाची किंमत कोणाच्या तरी घरातल्या पाटल्या असतात.