पाण्यापलीकडच्याचे पान
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी ‘आपले पूर्वज’ या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस केली. आम्ही पडलो जुनी मॅट्रिक झालेले शाळामास्तर, संशोधक नव्हे. तेव्हा आमच्याच घरातील एका पानाची हकिकत सांगतो.

चाकणजवळच्या आमच्या जुन्या घरी सर्वपित्री अमावास्येस पितरांची पाने वाढून झाली, की माजघराच्या उंबऱ्याबाहेर एक पान जादा वाढीत. हे कोणाचे, असे लहानपणी आजीस विचारले, तर ‘पाण्यापलीकडच्याचे’ एवढेच उत्तर मिळे. तिलाही तिच्या सासूबाईंनी तितकेच सांगितले होते. पुढे आमच्या घरच्या मंडळींनीही ते पान वाढले, आणि ते कोणासाठी हे विचारावयाचे आम्ही सोडून दिले.

तीन वर्षांपूर्वी आमचा नातू कारखान्याच्या कामासाठी शांघायला निघाला. तो पाया पडावयास आला तेव्हा नव्वदीच्या घरातील आमच्या चुलती एकदम म्हणाल्या, “जा बाबा, पण परत ये. आपल्यातला एक जण चिनात गेला तो आलाच नाही.” इतकी वर्षे ही गोष्ट त्या बोलल्या नव्हत्या, कारण त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

चीन म्हटले म्हणजे आपणांस मुंबईचे पारशी व्यापारी आठवतात. सर जमशेटजी जिजीभाई यांनी तरुणपणी चीनच्या सफरी केल्या व अफू आणि कापसाच्या व्यापारावर मोठी संपत्ती मिळवली. माळव्याची अफू मुंबई बंदरातून तिकडे जाई. ती बंद करू पाहणाऱ्या चीनवर इंग्रजांनी युद्ध लादले, आणि १८४२ च्या नानकिंगच्या तहाने शांघायसह पाच बंदरे उघडून घेतली. हा तह ज्या ‘कॉर्नवॉलिस’ जहाजावर झाला ते मुंबईच्या गोदीत, आपल्याकडच्या सागवानाचे, १८१३ साली बांधलेले होते. परंतु आमच्या घरचा माणूस व्यापारी असणे शक्य नव्हते. मग चिनात जाणार तो कसा?

याचे उत्तर पलटणीत सापडले. दुसऱ्या अफूयुद्धात आणि त्यानंतर मुंबई इलाख्याच्या पायदळ पलटणीही चिनात गेल्या. त्यांपैकी पाचवी पलटण १८६२ साली शांघायच्या बंदोबस्तास होती. ताइपिंग बंडवाले त्या वेळी शहराच्या जवळ येऊन ठेपले होते, आणि सभोवारच्या तीस मैलांच्या टापूतून त्यांना हटविण्यासाठी इंग्रज व फ्रेंच फौजा लढत होत्या. त्याच वर्षी शांघायात पटकीची भयंकर साथ आली. ही पाचवी पलटण म्हणजे आजच्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन. ‘काळी पाचवी’ हे तिचे नाव अजून चालू आहे.

पलटण कळली, तरी माणूस कसा कळावा? गोऱ्या अधिकाऱ्यांची नावे छापील याद्यांतून मिळतात. साध्या शिपायाची तशी सोय नाही. खरे कागद घरीच असावयाचे. आणि येथे आम्हांस आमचाच अपराध कबूल केला पाहिजे. जुने घर पाडले तेव्हा माळ्यावरची पत्र्याची पेटी आम्ही आतील मोडी कागदांसकट भंगारवाल्यास दिली. वजनावर दिली. मोडी आम्हांस वाचता येत नव्हती, एवढेच निमित्त. जन्मभर मुलांना इतिहास शिकविणाऱ्या मास्तराचे हे काम!

शेवटी त्र्यंबकेश्वरास गेलो. क्षेत्रोपाध्यायांच्या वह्या गाव आणि आडनाव यांवरून लावलेल्या असतात, आणि यात्रेस आलेला प्रत्येक यजमान आपल्या कुळातील नावे सांगून जातो. गुरुजींनी दोन तास पाने चाळली. शके १७८६ ची, म्हणजे १८६४-६५ ची, आमच्या खापरपणजोबांची नोंद निघाली. ते धाकट्या भावाच्या श्राद्धासाठी आले होते. भावाचे नाव स्वच्छ लिहिलेले होते आणि त्यापुढे, ‘पलटण पाचवी, चीन मुलखी वारला’. गुरुजींनी ते दोनदा वाचून दाखविले. आम्हांस चष्मा पुसावा लागला.

त्या भावाच्या पत्नीचे नाव मात्र वहीत नाही. पुरुष वहीत गेला, ती उंबऱ्याशी राहिली. नवऱ्याचा देह नाही, अस्थी नाहीत. पितरांच्या पंक्तीत त्याला बसवावे तर मन धजत नाही, आणि वगळावे तरी कसे? उंबऱ्याबाहेर पान वाढण्याची रीत तिनेच सुरू केली असावी, असे आमच्या घरच्या मंडळींचे म्हणणे आहे. आम्हांसही ते पटते.

येथे दोन शब्द अप्रिय वाटतील, ते वडीलकीच्या नात्याने ऐकून घ्यावेत. स्मरणिकेसाठी ‘आपल्या ज्ञातीचे चीनमधील शूर वीर’ असा लेख द्यावा, अशी सूचना काहींनी केली. आम्ही ती मानली नाही. मुंबईच्या फौजेत त्या काळी एकाच कंपनीत निरनिराळ्या जातींचे लोक शेजारी शेजारी उभे राहत. आमच्या आजोबांच्या या चुलतआजोबाचे डोळे मिटले तेव्हा जवळ कोण होते, त्याला पाणी कोणी पाजले, ते आपल्याच ज्ञातीचे होते असे कोणत्या तोंडाने म्हणावे? आणि ज्या बंदराच्या रक्षणासाठी तो गेला ते अफूच्या युद्धाने उघडलेले होते. चिन्यांनी त्याचे काही घेतले नव्हते. तो पोटासाठी गेला. आज आपली मुले चाकणच्या कारखान्यांत दिवसपाळी-रात्रपाळी करतात, तसाच. म्हणून त्याची किंमत आमच्या लेखी कमी होत नाही.

नातू परत आला तो एक गोष्ट सांगत आला. ज्या जियादिंग गावासाठी १८६२ साली लढाई झाली ते आता शांघायचा भाग असून मोटारींच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. जी जर्मन कंपनी २००९ पासून चाकणला मोटारी बनवू लागली तिचाच भागीदारीतला मोठा कारखाना तेथेही आहे. “आजोबा, अगदी आपल्या चाकणसारखे वाटले,” असे तो म्हणाला.

मंडळाच्या कार्यालयात या महिन्यापासून एक कोरी वही ठेवली आहे. आपापल्या घरातील वृद्ध स्त्रियांना विचारून, सासर-माहेर दोन्हीकडची नावे तीत लिहावीत. सुनांची नावे विसरू नयेत. मोडी कागद असतील त्यांनी ते आणावेत. पुराभिलेख खात्याच्या वर्गात मोडी शिकलेले दोन तरुण आपल्यात आहेत. घर पाडावयाचे ठरले असेल, तर आधी माळा पाहावा.

गेल्या सर्वपित्रीस आमच्या घरी एकही पान उंबऱ्याबाहेर वाढले नाही. ते आत, खापरपणजोबांच्या पानाशेजारी वाढले, आणि नातवाने नाव घेऊन पाणी सोडले. तिच्यासाठीही एक पान मांडले. नाव ठाऊक नसल्याने चुलती नुसत्या ‘काकी’ म्हणाल्या.