आधी मूल, मग पद्धत
(मीरा-भाईंदर येथे शिक्षणशास्त्राच्या पदवीधरांसमोरचे दीक्षान्त भाषण)

अध्यापन पद्धती म्हणजे ठरावीक आशय समोरच्या मुलांना कळावा म्हणून शिक्षकाने केलेली कामाची आखणी. यातला आशय पाठ्यपुस्तकात तयार मिळतो. मुले मात्र दर जूनमध्ये नवी असतात. म्हणून पद्धतीची निवड धड्यावरून कमी आणि मुलांवरून जास्त ठरते. व्याख्यान, कथन, प्रश्नोत्तर, दिग्दर्शन, उद्गामी-अवगामी, प्रकल्प, नाट्यीकरण ही नावे अभ्यासक्रमात एकामागून एक येतात. प्रत्यक्ष वर्गात एकाच तासिकेत त्यांतल्या तीन पद्धतींची गरज पडते, आणि कालच्या तुकडीत रंगलेला पाठ आजच्या तुकडीत पडतो. कोणतीही पद्धत स्वतःहून चांगली किंवा वाईट नसते. कोणत्या मुलांसाठी आणि कशासाठी, एवढे ठरले की तिची योग्यता ठरते.

मीरा-भाईंदरमध्ये ‘कोणत्या मुलांसाठी’ हा प्रश्न विशेष टोकदार आहे. 28 फेब्रुवारी 2002 रोजी महानगरपालिका झालेल्या या शहराची लोकसंख्या 2001 च्या जनगणनेत 5,20,388 होती. 2011 मध्ये ती 8,09,378 झाली. दहा वर्षांत वाढलेल्या पावणेतीन लाखांहून अधिक माणसांच्या घरी वेगवेगळ्या भाषा बोलल्या जातात. उत्तनच्या कोळीवाड्यातले मूल, राई-मुर्ध्याच्या आगरी घरातले मूल, काशी-मिऱ्याच्या आदिवासी पाड्यावरचे मूल आणि गुजराती, मारवाडी, हिंदी किंवा उर्दू बोलणाऱ्या घरातले मूल या शहराच्या शाळांत शेजारी शेजारी बसते. इयत्ता एक असली तरी त्यांची शब्दसंपत्ती एक नसते, अनुभवही एक नसतो.

अशा मुलांसाठी पद्धत कशी शोधावी याचा धडा दूरवर शोधायला नको. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि 1957 मध्ये ते कोसबादच्या टेकडीवर नेले. आज पालघर जिल्ह्यात असलेली ही दोन्ही गावे 2014 पर्यंत ठाणे जिल्ह्यातच, म्हणजे इथल्याच जिल्ह्यात, होती. ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांच्यासमोर वारली मुले होती. घंटा झाली तरी ती शाळेत येत नसत, कारण त्यांना गुरे राखायची असत. तेव्हा शाळाच कुरणात गेली. वस्तीतल्या अंगणात भरलेल्या बालवाडीतून अंगणवाडी उभी राहिली, आणि 1975 मध्ये केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली तेव्हा तिच्या केंद्रांना हेच नाव मिळाले. महागड्या माँटेसरी साहित्याच्या जागी तिथे बिया, शंख, काड्या आणि माती आली. शिकण्याचे तत्त्व तेच राहिले. वेळ, जागा आणि साहित्य मात्र मुलांच्या जगण्यावरून ठरले.

त्यामुळे अध्यापनाची पहिली पायरी म्हणजे मुलाला आधीच काय येते ते शोधणे. पाठ टाचणातल्या पायऱ्यांचे मूळही इथेच आहे. जर्मन विचारवंत योहान हर्बार्ट (1776–1841) यांच्या मांडणीतून त्यांच्या अनुयायांनी पूर्वतयारी, विषयनिवेदन, तुलना, सामान्यीकरण आणि उपयोजन अशी पंचपदी बेतली. नवे ज्ञान जुन्या ज्ञानाला जोडावे, हा पहिल्या पदाचा हेतू. सराव पाठांत मात्र प्रस्तावना अनेकदा धड्याचे नाव वदवून घेणाऱ्या तीन ठरावीक प्रश्नांवर येऊन थांबते. धड्याचे नाव कळले म्हणजे पूर्वज्ञान कळले असे होत नाही.

पूर्वज्ञान चुकांमध्ये सर्वांत स्पष्ट दिसते. 42 मधून 17 वजा करताना एक मूल 35 लिहिते. 2 मधून 7 जात नाहीत, म्हणून ते 7 मधून 2 काढते, 4 मधून 1 काढते आणि समाधानाने वही पुढे करते. दुसरे मूल 24 लिहिते. दोन्ही उत्तरांवर लाल फुली पडते, पण दोन्ही मुलांचा आजार एक नाही. दुसऱ्याची मोजताना चूक झाली आहे; त्याला थोडा सराव पुरेल. पहिल्याला संख्येतले दशक आणि सुटे हे नातेच उमगलेले नाही, आणि त्याला अशीच आणखी वीस उदाहरणे दिली तर चूकच पक्की होईल. त्याच्यासमोर दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवून सात काड्या मागाव्यात. सुट्या पुरत नाहीत हे हाताला कळते, एक गठ्ठा सोडावा लागतो, 12 सुट्यांतून 7 जातात आणि 5 उरतात. तीन गठ्ठ्यांतून एक गेला की दोन उरतात. ‘हातचा घेणे’ म्हणजे काय, हे त्यानंतर सांगितले तर समजते.

कोणाला काय येते हे वर्गातल्या प्रश्नांतूनही कळायला हवे, पण तसे होत नाही. बहुतेक प्रश्न विचारले जातात ते उत्तर येणाऱ्यांसाठी, आणि उत्तर येते ते पहिल्या बाकावरून. अमेरिकी संशोधक मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात वर्गांच्या ध्वनिफिती तपासल्या, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सुमारे एक सेकंदच थांबतात असे आढळले. हा विराम तीन सेकंदांपर्यंत वाढवताच उत्तरे लांब झाली, गप्प राहणारी मुले बोलू लागली आणि मुलांचे स्वतःचे प्रश्न वाढले. विनाखर्चाची, पण पाळायला अवघड अशी ही युक्ती आहे. ‘समजलं का?’ या प्रश्नाला संपूर्ण वर्ग ‘हो’ म्हणतो, म्हणून त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी प्रत्येकाने पाटीवर उत्तर लिहून ती एकदम वर धरली, तर अर्ध्या मिनिटात कोण कुठे आहे ते दिसते.

व्याख्यानाला अलीकडे नावे ठेवण्याची पद्धत पडली आहे. ती सरसकट बरोबर नाही. नवी संकल्पना प्रथम मांडताना नेटके, पायरीपायरीने केलेले आणि सोडवलेल्या उदाहरणांसह दिलेले स्पष्टीकरण नवशिक्यांना फार उपयोगी पडते. स्वयंशोधनासाठी आधी काही भांडवल लागते. अडचण असते ती लांबीची. मुलांना काही करायला न लावता चाळीस मिनिटे चाललेले व्याख्यान उतरवून घेतले जाते, पण शिकले जात नाही.

एका इयत्तेतली मुले वाचनात चार वेगळ्या पातळ्यांवर असतात तेव्हा सर्वांना एकच धडा देणे व्यर्थ ठरते. 1995 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेने यावर उपाय काढला. वस्तीतल्याच शिकलेल्या मुली, म्हणजे बालसखी, मागे पडलेल्या तिसरी-चौथीच्या मुलांना दिवसातून सुमारे दोन तास वेगळे घेऊन अक्षरओळख आणि अंकांपासून सुरुवात करत. मुंबई आणि वडोदरा इथल्या या उपक्रमाची चाचणी अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी घेतली. त्यात मुलांचे गुण स्पष्ट वाढले, आणि सर्वांत जास्त फायदा सर्वांत मागे असलेल्यांना झाला. पुढे त्यातूनच पातळीनुसार अध्यापनाची पद्धत विकसित झाली. वर्गशिक्षकाला यातून घेता येण्यासारखी गोष्ट साधी आहे: दिवसातला एक तास इयत्ता विसरून पातळीनुसार गट करावेत आणि दर काही आठवड्यांनी ते बदलावेत. न बदलणारा गट म्हणजे मुलाच्या कपाळावरचा शिक्का होय.

परिसर हे सर्वांत जवळचे शैक्षणिक साहित्य. भाईंदरची मिठागरे बाष्पीभवनाचा सबंध धडा डोळ्यांपुढे मांडतात: भरतीचे पाणी आत घेतले जाते, एका कप्प्यातून दुसऱ्यात जाताना उन्हाने दाट होते आणि शेवटी मीठ खाली बसते. उत्तनच्या किनाऱ्यावर तर अपूर्णांकांचा तास भरवता येतो. कोकणात भरतीची वेळ काढण्याचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करावी. चतुर्थीला 4 ची पाऊणपट 3, म्हणून पूर्ण भरती तीनच्या सुमारास. अष्टमीला सहाच्या आणि द्वादशीला नऊच्या. जुन्या मराठी शाळांत घोकून घेतली जाणारी पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, इथे कामाला येते. सहावीच्या मुलांनी पंधरवडाभर या हिशेबाने वेळा काढाव्यात आणि छापील वेळापत्रकाशी ताडून पाहाव्यात. हिशेबात भरती रोज 45 मिनिटांनी पुढे जाते, प्रत्यक्षात सुमारे 50 मिनिटांनी. हा फरक का पडतो, या प्रश्नाने गणिताचा तास चंद्राच्या भ्रमणापर्यंत, म्हणजे भूगोलात, जाऊन पोचतो. उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) हे शब्द घरी ऐकलेले कोळ्याचे मूल त्या दिवशी इतरांना शिकवते. मागच्या बाकावरच्या मुलाला अशी जागा क्वचितच मिळते.

भाषेचा प्रश्न या शहरात सर्व विषयांच्या मुळाशी आहे. 2020 च्या राज्य कायद्याने सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी अनिवार्य झाली, त्यामुळे ज्यांच्या घरी मराठी नाही त्यांनाही ती शिकवायची आहे. इथे मातृभाषेच्या पाठाची पद्धत चालत नाही. आधी ऐकणे आणि बोलणे, मग वाचणे, शेवटी लिहिणे हा क्रम पाळावा लागतो. शिवाय अडचणीही घरच्या भाषेनुसार बदलतात. गुजरातीत तीन लिंगे आणि ‘ळ’ आहेत, म्हणून ‘ते झाड’ आणि ‘काळा’ गुजराती मुलाला फारसे जड जात नाहीत. हिंदी बोलणाऱ्या मुलाला मात्र नपुंसकलिंग सर्वस्वी नवे असते, आणि ‘काल’ व ‘काळ’ यांतला फरक त्याच्या कानाला आधी ऐकू यावा लागतो. त्याच्या वहीतली चूक निष्काळजीपणाची नसून त्याच्या भाषेच्या व्याकरणातून आलेली असते, हे माहीत असलेला शिक्षक रागावण्याऐवजी नेमका सराव देतो.

तंत्रज्ञानाची जागा मुलाला ओळखल्यानंतर येते. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना 2020 चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला तो पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडमुळे, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. त्याआधीचे काम कमी सांगितले जाते: मुलांची घरची भाषा कन्नड आहे हे ओळखून ते ती शिकले आणि पुस्तके त्या भाषेत आणली. पडदा, फळा किंवा मोबाइल, साधन कोणतेही असो, हाच क्रम लागू पडतो.

मूल्यमापनही शिकवण्याचाच भाग आहे. शिक्षण हक्क कायद्यानंतर राज्यात शिकत असतानाची आकारिक आणि सत्राअखेरची संकलित अशी दुहेरी व्यवस्था आली. आकारिक नोंदी रकाने भरण्यापुरत्या राहिल्या तर त्या फक्त वेळ खातात. उद्याचा पाठ त्यांवरून बदलला तर त्या कामाच्या. छोट्या, बिनगुणांच्या, वारंवार घेतलेल्या चाचण्या आठवणही पक्की करतात, कारण पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून सांगण्याने ज्ञान जास्त टिकते.

आज पदवी घेऊन वर्गात जाणाऱ्या शिक्षकांनी पहिल्या आठवड्यात धडा सुरू करण्याची घाई करू नये. प्रत्येक मुलाकडून एक परिच्छेद वाचून घ्यावा, एक वजाबाकी सोडवून घ्यावी, त्याच्या घरची भाषा आणि घरचा उद्योग विचारावा आणि हे सारे एका वहीत नोंदवावे. वर्षभराच्या पाठांचे टाचण त्या वहीवरून काढावे.