रोपाआधी ओळख झाडाची



वृक्षारोपणाचा समारंभ एका सकाळी पार पडतो. वृक्ष वाढण्यास मात्र एक पिढी खर्ची पडते. १९५० मध्ये तत्कालीन केंद्रीय कृषिमंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी वनमहोत्सवास चालना दिली. तेव्हापासून पावसाळ्याच्या आरंभी रोपे लावण्याची प्रथा देशभर रुजली. १ जुलै २०१६ रोजी महाराष्ट्रात एकाच दिवशी २ कोटी ८२ लाख रोपे लावल्याची नोंद झाली. लोकसहभागाची ही शक्ती लहान नव्हे. परंतु कोणते झाड, कोणत्या जमिनीत आणि कोणाच्या देखरेखीखाली, या तीन प्रश्नांची उत्तरे संख्येतून मिळत नाहीत. ती मिळतात झाड ओळखणाऱ्या माणसाकडून. असा माणूस घडविण्याचे वय शाळेचे होय.

सिरोंचा हा महाराष्ट्राच्या आग्नेय टोकाचा तालुका. प्राणहिता येथे गोदावरीस मिळते आणि पुढे सोमनूरजवळ इंद्रावतीही तिच्यात सामावते. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा अस्तित्वात येण्यापूर्वी हा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यात होता. येथील वनांची पुरातनता सांगण्यासाठी पुस्तक उघडावयास नको. सिरोंचाजवळील वडधम येथे कोट्यवधी वर्षांपूर्वीची, दगड झालेली झाडांची खोडे आढळतात. उत्तरेस आलापल्ली-भामरागड मार्गावर ‘वनवैभव’ या नावाने जपलेला सुमारे सहा हेक्टरांचा नैसर्गिक वनखंड २०१४ मध्ये राज्याचे जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित झाला. एका ठिकाणी अतिप्राचीन अरण्याचे अवशेष, तर दुसऱ्या ठिकाणी कुऱ्हाडीपासून वाचलेले जिवंत अरण्य. निसर्गाच्या अभ्यासासाठी यापेक्षा मोठी प्रयोगशाळा कोणत्या शहरास लाभली आहे?

असे असूनही या प्रयोगशाळेच्या दाराशी राहणारे मूल तिच्यापासून दुरावण्याचा धोका आज उभा आहे. शिक्षणासाठी आश्रमशाळेत व वसतिगृहात राहणे अनेक मुलांना अपरिहार्य आहे आणि त्या शिक्षणाचे मोल मोठेच आहे. तथापि, वनाचे वेळापत्रक व शाळेचे वेळापत्रक यांचा मेळ बसत नाही. मोहाची फुले गळतात ती मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे नेमकी परीक्षेच्या दिवसांत. तेंदूपाने तोडली जातात ती मे महिन्यात, आणि मोहाची बी पिकून पडते ती शाळेचे दार उघडण्याच्या सुमारास. आजी-आजोबांबरोबर पहाटे मोहाखाली जाऊन जे ज्ञान सहज मिळत असे, ते मिळण्याची संधी एकेका वर्षाने कमी होते. हे ज्ञान कोठे लिहून ठेवलेले नाही. ते एका पिढीत खंडित झाले, तर पुढील पिढीने ते कोणाकडून घ्यावे?

मोहाचेच उदाहरण घ्यावे. त्याच्या बीची उगवणशक्ती फार लवकर नष्ट होते. बी पडल्यावर काही दिवसांतच ती पेरली पाहिजे. पुढील वर्षासाठी साठविलेली बी बहुधा उगवत नाही. सागाची गोष्ट याच्या उलट आहे. त्याच्या फळाचे कवच इतके कठीण असते की पेरणीपूर्वी ते आळीपाळीने भिजवावे व वाळवावे लागते. दोन्ही बियांना एकच नियम लावणारी रोपवाटिका एकीत यशस्वी व दुसरीत निष्फळ ठरणार, हे उघड आहे. शिवाय फुले वेचणे सोपे जावे म्हणून मोहाखालील पालापाचोळा पेटविला जातो. त्या आगीत मोहाची कोवळी रोपेही जळतात. झाडाखाली जाळी बांधून किंवा पाला झाडून फुले गोळा केली, तर उत्पन्नही मिळते आणि रोपही वाचते. हे समजलेले मूल एक रोप लावण्याआधीच दहा रोपे वाचविते.

भाषेतही निसर्गाचे शास्त्र साठविलेले असते. सिरोंचा परिसरात तेलुगू, माडिया-गोंडी व मराठी या भाषा एकत्र नांदतात. मराठीत ज्यास ऐन म्हणतात त्यास तेलुगूत नल्लमद्दी, आणि ज्यास अर्जुन म्हणतात त्यास तेल्लमद्दी असे नाव आहे. एक काळी मद्दी, दुसरी पांढरी. वनस्पतिशास्त्राने ही दोन्ही झाडे एकाच प्रजातीत घातली आहेत. ते नाते येथील बोलीने नावातच सांगून ठेवले आहे. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली, तर अर्जुनाची गुळगुळीत व फिकी. ऐन रानात वाढतो. अर्जुन ओढ्याकाठी उभा राहून काठाची माती धरून ठेवतो. टसर रेशमाचा किडा दोहोंच्या पानांवर पोसला जातो. वर्गातील मुलांनी प्रत्येक झाडाची तिन्ही भाषांतील नावे घरून विचारून आणली, तर माडिया घरातील आजीही त्या वर्गाची शिक्षिका होईल.

कोठे झाड लावू नये, हेही शिकविणे तितकेच अगत्याचे आहे. सिरोंचा वनविभागातील कोलामार्का हे क्षेत्र २०१३ मध्ये रानम्हशींच्या रक्षणासाठी संवर्धन राखीव म्हणून घोषित झाले. रानम्हशीला गवताळ कुरण व पाणथळ जागा लागते. अशी मोकळी जमीन ओसाड समजून तेथे रोपे लावणे म्हणजे तिच्या तोंडचा घास काढून घेणे होय.

ज्ञान आणि श्रम यांची सांगड विदर्भास नवी नाही. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्धा येथील परिषदेत महात्मा गांधींनी हाताच्या कामातून शिक्षणाचा विचार देशापुढे मांडला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने अभ्यासगटांची परंपरा चालविली. आधी विषय समजून घ्यावा, मग ग्रामसभेत निर्णय करावा, ही तेथील रीत. वनहक्क कायद्यान्वये २००९ मध्ये या गावास सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला, त्यामागे त्या अभ्यासाचेच बळ होते.

हीच रीत शाळेत आणणे अवघड नाही. उन्हाळी सुटीत मुलांनी आपापल्या गावचे बी गोळा करावे, कोणत्या झाडाखालून व कोणत्या दिवशी ते वेचले याची नोंद ठेवावी. शाळा उघडताच लहानशी रोपवाटिका करावी. पावसाळ्यात ग्रामस्थांच्या श्रमदानातून मोह, चारोळी, बिजा, हिरडा, बेहडा यांची रोपे गावाजवळ, तर अर्जुन, जांभूळ व करंज नदी-ओढ्याच्या काठी लावावीत. हिवाळ्यात रोपांभोवती काटेरी कुंपण करावे, उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा काढावी आणि वर्षाअखेर जगलेली रोपे मोजावीत. मेलेल्या रोपांचीही कारणांसह नोंद करावी. कारण रोप का मेले हे समजणे हाच पुढील वर्षाचा पहिला पाठ होय. जैवविविधता कायदा, २००२ अन्वये गावोगावी ठेवावयाच्या लोकजैवविविधता नोंदवहीस मुलांच्या या वह्या मोलाची भर घालतील.

वन खाते रोपे पुरवू शकते, शासन निधी देऊ शकते. परंतु वैशाखाच्या उन्हात रोपाला घोटभर पाणी घालण्याची ओढ कोणत्याही योजनेतून पुरविता येत नाही. ज्या मुलाने बी वेचले, ती रुजताना पाहिली आणि तिचे नाव आपल्या आजीच्या तोंडून ऐकले, त्याच्याच मनात ती ओढ निर्माण होते. शिक्षकांनी व पालकांनी या वर्षी प्रत्येक मुलास निदान पाच झाडे ओळखावयास शिकवावीत आणि त्यांपैकी एक लावावयास द्यावे. सिरोंच्याचे वन पुढील शतकात कोणाच्या हाती राहणार, हे या पाच झाडांवर अवलंबून आहे.