लिफीकाठचे जकातघर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



लेकीच्या बाळंतपणासाठी मी चार महिने आयर्लंडात, डब्लिनला होते. तिकडचे काही सांगा, असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला, म्हणून तेथील लिफी नदीकाठच्या जकातघराविषयी दोन शब्द बोलते.

ही इमारत जेम्स गॅन्डन या इंग्रज वास्तुशिल्पज्ञाने १७८१ ते १७९१ या काळात उभारली. जहाजांचा धक्का समुद्राकडे सरकला तर जुन्या पेठेतला धंदा बसेल, म्हणून व्यापाऱ्यांचा तिला कडवा विरोध होता. गॅन्डन कामावर येताना म्हणे तलवार बाळगी!

कमानींवर एडवर्ड स्मिथने चौदा मुखे कोरली आहेत. तेरा नद्यांची, एक अटलांटिक महासागराचे. त्यांत स्त्रीमुख एकच, लिफीचे. आपली गोदामाई, कृष्णामाई. तिकडे मात्र नद्यांना दाढ्या! मला हसूच आले.

पुढे तेथे करवसुलीच्या व स्थानिक कारभाराच्या सरकारी कचेऱ्या आल्या. २५ मे १९२१ रोजी स्वातंत्र्यसैनिकांनी ती इमारत पेटवली. दप्तर जळाले की परक्यांचा कारभार खुंटेल, हा हेतू. त्यांचे पाच जण पडले. इमारतीच्या राखणदारासह काही नागरिकही मेले. आग कित्येक दिवस धुमसत होती. १९२८ पर्यंत इमारत पुन्हा उभी राहिली. घुमटाला आयर्लंडचा दगड वापरला, म्हणून तो भिंतींहून काळसर दिसतो.

लेकीने विचारले, “आई, जाळले ते बरोबर होते का गं?” मला चटकन उत्तर देता येईना. १९४२ साली आपल्याकडेही चावड्यांतली दप्तरे जळाली. माझे मामा त्यांत होते, आणि त्याचा आम्हांला अभिमान आहे. पण डब्लिनच्या त्या आगीत गोरगरिबांच्या आश्रयगृहांचे कागदही गेले. एखादीचे नाव तेवढ्याच कागदावर असेल, तर तिची आठवणच पुसली गेली. दोन्ही गोष्टी खऱ्या, एवढेच मी लेकीला म्हटले.

भगिनींनो, आपल्या मंडळाच्या पहिल्या वर्षांच्या वह्या कपाटात वाळवी खाते आहे. त्या जाळायला कोणी आले नाही, आपणच विसरलो. ज्यांनी घरचा विरोध सोसून हे मंडळ काढले, त्यांची नावे त्यांतच आहेत. पहिली वही मी उतरवून काढते आहे. दुसरी कोण घेते, ते आजच सांगा.