वाटा आधी, संघभावना मागाहून



कारखान्यांच्या आणि कचेऱ्यांच्या व्यवस्थापनात ‘संघभावना’ हा शब्द आज फार आवडीचा झाला आहे. कामगारांनी एकदिलाने राबावे, असा उपदेश शिबिरे भरवून केला जातो. एकदिली उपदेशाने येते काय, याचे उत्तर वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर सापडते.

रापणीची होडी जाळे टाकीत समुद्रात अर्धवर्तुळ घेते. दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात आणि माणसांच्या दोन रांगा ते ओढू लागतात. एका रांगेने घाई केली, तर जाळे तिरपे होऊन मासळी निसटते. म्हणून प्रत्येक जण दुसऱ्या रांगेकडे नजर ठेवून ओढतो. त्यासाठी मुकादम लागत नाही. जाळ्याचा वाटा किती आणि श्रमाचा किती, हे दोराला हात लागण्यापूर्वीच ठरलेले असते. एकीचा उगम या उघड हिशेबात आहे.

1953 साली अहमदाबादच्या कॅलिको गिरणीत ए. के. राइस यांनी केलेला प्रयोगही येथे आठवावा. स्वयंचलित मागांच्या खात्यात प्रत्येक कामगाराकडे एकेक तुटक काम होते. नवी यंत्रे येऊनही अपेक्षित उत्पादन निघेना. तेव्हा ठराविक मागांची सबंध जबाबदारी लहान गटांकडे सोपविण्यात आली. उत्पादन वाढले, खराब कापड घटले. माणसे तीच, माग तेच. बदलली ती कामाची रचना. मालकी मात्र होती तेथेच राहिली.

रापणही निर्दोष नाही. जाळ्याला स्वतंत्र वाटा असल्यामुळे ज्याच्यापाशी केवळ दोन हात आहेत, त्याच्या पदरी कमी पडते. शिवाय बांगडा, तारली किनाऱ्याजवळ आली तरच रापण चालते. ट्रॉलर आणि पर्ससीन नौकांनी ती आधीच उपसली, तर वाटायचे काय? 1981 चा सागरी मासेमारी नियमन कायदा आणि पर्ससीनवर 2016 साली घातलेले निर्बंध यांची कसोशीने अंमलबजावणी होणे, हा म्हणूनच रापणकरांच्या एकीच्याही अस्तित्वाचा प्रश्न आहे.

तेव्हा कार्यकर्त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. कोठेही संघभावनेचे आवाहन झाले, की हिशेब कोणाला दिसतो आणि वाटा कोण ठरवितो, हे आधी विचारावे. उत्तर मिळेपर्यंत ती संघभावना नव्हे, मुकादमाशिवाय चाललेली मुकादमी समजावी.