मु. पो. अकोला, ता. पाथर्डी
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला "काहीतरी हलकंफुलकं बोल" असं बजावलं आहे. म्हणून मी आपल्या गावांच्या नावांवर बोलणार आहे. शेवटी थोडं जड होईल, ते आधीच सांगून ठेवतो.

आपण एकमेकांना आडनावानं कधी हाक मारली का? हजेरीपटावर आडनावं असायची, वर्गात मात्र गावं. निवडुंग्याहून येणारा तो 'निवडुंग', सुसऱ्याची ती 'सुसर'. गणिताचे सर तर म्हणायचे, हा तालुका आहे का मिसळणाचा डबा? मोहरीची फोडणी, वर मिरी, आंबटाला चिंचपूर, आणि जेवण झाल्यावर गोडाला करंजी! सगळी आपल्याच पाथर्डी तालुक्यातली गावं. शिवाय चिंचपूर एक नाही, दोन. एक इजदे, दुसरं पांगूळ.

तिसऱ्या बाकाची तर गंमतच होती. मी भुतेटाकळीचा, मामाकडे तिसगावात शिकायला राहिलेला. माझ्या शेजारी हनुमान टाकळीचा. आणि कडेला बसायचा तो नांदूर निंबादैत्यचा. एका बाकावर भूत, हनुमान आणि दैत्य! निंबादैत्य हे त्या गावाचं दैवत. तिथं मारुतीचं देऊळ नाही, मारुतीचं नाव कुणी मुलाला ठेवत नाही. कबड्डीच्या वेळी सगळे बजरंगबलीचा जयजयकार करायचे तेव्हा हा गडी ओठ मिटून उभा. त्याच सुमाराला आपल्या रस्त्यावर मारुती गाड्या दिसायला लागल्या. सर त्याला म्हणाले, "तुमच्या गावाला ही गाडी काही चालायची नाही रे." हा म्हणाला, "सर, आधी गाडी चालंल असा रस्ता तर होऊ द्या."

जिल्ह्यात फिरलात तर अशी नावं पावलोपावली भेटतात. कर्जत तालुक्यात निमगाव डाकू आहे, श्रीरामपूरकडं उंदिरगाव आहे. आणि शेवगाव तालुक्यातलं दहिगाव-ने. हे नाव सांगितलं की नवखा माणूस पुढच्या शब्दाची वाट बघत राहतो. दहिगावने काय केलं?

हसता हसता एकदा इतिहासाच्या बाईंनी आम्हाला थांबवलं. जवखेडे खालसा आणि जवखेडे दुमाला, यात फरक काय, म्हणाल्या. कुणालाच सांगता येईना, जवखेड्याच्या मुलांनासुद्धा. मग त्यांनी फळ्यावर लिहून दिलं. ज्या गावाचा सारा थेट सरकारच्या खजिन्यात जायचा ते खालसा. ज्याचा सारा कुणा इनामदाराला किंवा देवस्थानाला तोडून दिलेला, ते दुमाला. बुद्रुक म्हणजे थोरलं, खुर्द म्हणजे धाकटं, दोन्ही शब्द फारसीतले. मोहोज बुद्रुक, मोहोज खुर्द, आणि तिसरं मोहोज देवढे. एका तालुक्यात टाकळ्या किती? भुतेटाकळी, फुंदेटाकळी, हनुमान टाकळी, टाकळी मानूर. पुढचं किंवा मागचं शेपूट काढलं तर कुठली टाकळी ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही. बाई म्हणाल्या, "ज्याला तुम्ही हसता ना, तो जुन्या काळचा पिनकोड आहे."

मला ते वाक्य तेव्हा कळलं नाही. पाठ मात्र झालं.

जगात काही गावांनी आपल्या नावाचं हसं स्वतःच करून घेतलं. स्कॉटलंडमध्ये 'डल' नावाचं खेडं आहे, म्हणजे नीरस. अमेरिकेत ओरेगॉन राज्यात 'बोरिंग' आहे. २०१२ साली या दोघांनी जोडी जमवली आणि पाट्या लावल्या. लोक तिथं फोटो काढायला जातात. मी पुण्याला गेलो तेव्हा माझ्यात एवढी धमक नव्हती. भुतेटाकळी म्हटलं की मेसमध्ये सगळे खो खो हसायचे. मग मी तिसगाव सांगायला लागलो. तर कुणी म्हणे, कल्याणचं का? कुणी म्हणे, वाळूजजवळचं? दिंडोरीकडचा एक जण तर म्हणाला, आमच्याकडं तिसगावचं धरण आहे. आणि 'पाथर्डी' म्हटलं की समोरचा हमखास म्हणायचा, "म्हणजे दुष्काळ, ऊसतोडवाले." म्हणून मी पत्त्यातून तालुकाच गाळायला लागलो. नुसतं जि. अहमदनगर. (आता २०२४ पासून तेही अहिल्यानगर झालं.)

आता जड भाग.

आपल्या वर्गात अकोल्याचा एक जण होता. आपल्या तालुक्यातलं अकोला, विदर्भातलं नव्हे. तो आज इथं समोर बसला आहे, नाव घेत नाही. एका दिवाळीच्या सुट्टीत मी आलो असताना तो भरतीचा अर्ज घेऊन माझ्याकडं आला. माझं अक्षर चांगलं आणि मी पुण्याचा, म्हणून. मी ऐटीत लिहिलं: मु. पो. अकोला, जि. अहमदनगर. तालुका लिहिलाच नाही, हाताला तशी सवयच लागली होती. पिनकोड १९७२ सालापासून सुरू होता, पण दोघांनाही तो पाठ नव्हता, आणि मी विचारायचे कष्ट घेतले नाहीत.

क्षेत्रफळानं आपला जिल्हा राज्यात सगळ्यांत मोठा. त्याच्या पूर्वेच्या टोकाला आपण, आणि पश्चिमेच्या टोकाला, सह्याद्रीच्या पायथ्याशी, प्रवरेकाठी अकोले, तालुक्याचं गाव. पत्र तिकडं गेलं. पोस्टानं तरी काय करावं? मीच त्यांना तो रस्ता दाखवला होता. तिकडून फिरून ते याच्या हातात आलं तेव्हा मुलाखतीची तारीख उलटून चार दिवस झाले होते. पुढच्या भरतीला याचं वय बसलं नाही.

त्यानं मला हे कधी ऐकवलं नाही. त्याच्या थोरल्या भावानं दहा वर्षांनी लग्नाच्या पंगतीत सहज सांगितलं, लिफाफ्यावरचे शिक्के मोजून दाखवल्यासारखं. माझा घास घशात अडकला. तेव्हापासून याच्यासमोर बसलो की मी पावसापाण्याचं बोलतो.

मित्रा, तो अर्ज मी चुकीचा भरला. मला माझ्या तालुक्याची लाज वाटत होती, म्हणून तुझाही तालुका गाळला गेला. तुझी माफी मागतो, या सगळ्यांसमोर.

(इथं तो उठून म्हणाला, "अरे बस की आता, जेवणं थांबलीत.")

थांबतो. स्मरणिकेच्या शेवटी सगळ्यांच्या पत्त्यांची यादी यायची आहे. छापायला जाण्याआधी मी ती स्वतः तपासली. माझा पत्ता मु. भुतेटाकळी असाच आहे. याच्या अकोल्यापुढं तालुका आहे, पिनकोड आहे. आणि निंबादैत्यवाल्यानं फॉर्मवर टीप लिहून पाठवली आहे: रस्ता झाला आहे, या, फक्त गाडी बघून आणा.