'कोणीतरी'चं चित्र



या संमेलनाच्या अध्यक्षपदासाठी माझं नाव जाहीर झालं, तेव्हा घरातून पहिला प्रश्न आला, "पण तुम्ही लिहिलंय काय?" प्रश्न रास्त होता. चाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या गोष्टींना चित्रं काढत आलो. तेव्हा साहित्यावर बोलण्याचा आव न आणता चित्रकाराच्या एका अडचणीबद्दल बोलतो.

फार वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकासाठी माझ्याकडे गुप्तहेरकथा आली. पहिल्याच पानावर वाक्य होतं, 'जिन्यावरून कोणीतरी खाली उतरलं.' तिथेच पाऊण पान चित्र हवं होतं. कथा मी शेवटपर्यंत वाचलेली, खुनी कोण ते ठाऊक. हात आपोआप तिकडेच वळला. टक्कल, पडलेले खांदे, काखेत छत्री. अंक बाजारात गेला आणि लेखकाचा फोन आला, "माझी बावीस पानं तुम्ही पहिल्याच पानावर संपवलीत की हो!"

लेखकाजवळ 'कोणीतरी' हा शब्द असतो. त्याला नाक नसतं, धोतर की पँट ते ठरवावं लागत नाही, आणि 'उतरलं' म्हटलं की बाई की पुरुष हेही झाकलं जातं. मराठीतलं नपुंसकलिंग रहस्यकथेसाठीच जन्माला आलं असावं! मला मात्र 'कोणीतरी' काढता येत नाही. पेन्सिल टेकवली की तो कोणीतरी ठरावीकच होतो. चित्रातल्या गुप्तहेरांकडे मी तेव्हापासून याच नजरेने पाहतो. लपवायचं ते चित्रकाराने कुठे लपवलं?

माझ्या लहानपणी मराठीतही निघणारं इंद्रजाल कॉमिक्स आम्ही वाचायचो वेताळासाठी, पण त्यात अधूनमधून चष्मा लावणारा, पाइप ओढणारा एक खासगी गुप्तहेर यायचा, रिप किर्बी. अमेरिकेत त्याची चित्रपट्टी 4 मार्च 1946 रोजी सुरू झाली. काढणारे अॅलेक्स रेमंड, म्हणजे फ्लॅश गॉर्डनचे जनक. नुकतेच युद्धावरून परतलेले. त्यांचा नायकही मरीन दलातून परतलेला. त्याच्या घरचा नोकर डेसमंड हा सुधारलेला घरफोड्या. गुप्तहेराच्या घरी याहून उपयोगी माणूस दुसरा कोणता असणार?

पण रेमंड यांनी लपवाछपवीचा नादच फारसा धरला नाही. रोज तीन-चार चौकटींची, रंग नसलेली पट्टी. सोमवारी दाखवलेला पुरावा वाचकाला तीन आठवड्यांनी आठवणार कसा? त्यापेक्षा बदमाश कोण हे आधीच दाखवून टाकायचं आणि तो सापडतो कसा याची उत्सुकता ताणायची. शाई मात्र अशी, की ओल्या रस्त्यावरचा दिवा काळ्या ठिपक्यांतूनही पिवळा दिसावा. 1956 साली मोटार अपघातात रेमंड गेले. पुढे जॉन प्रेंटिस यांनी ही पट्टी 1999 पर्यंत चालवली.

स्कूबी-डूची गंमत वेगळी. 13 सप्टेंबर 1969 रोजी अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीवर ती कार्टून मालिका सुरू झाली. चार पोरं, एक कुत्रा, एक व्हॅन. कुत्र्याचं रूप ठरवलं इवाओ ताकामोतो यांनी. जपानी वंशाचे अमेरिकी. दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या कुटुंबाला मांझानारच्या छावणीत डांबलं होतं आणि चित्रकलेचे धडे त्यांना तिथेच मिळाले. उत्तम ग्रेट डेन कसा असतो, हे त्यांनी माहीतगाराकडून समजून घेतलं आणि नेमकं उलटं काढलं. वाकडे पाय, उतरती पाठ. या मालिकेत 'कोणीतरी'ला मुखवटाच चढवला जायचा. भूत यायचं, पोरं पळायची, शेवटी मुखवटा ओढला की आत जमिनीवर किंवा खजिन्यावर डोळा ठेवलेला एखादा लोभी गृहस्थ. आपल्याकडचे अंधश्रद्धा निर्मूलनवाले याहून वेगळं काय सांगत होते?

पण तिथे फितुरी करायचं ते तंत्रच. त्या काळी पार्श्वभूमी जलरंगासारखी, छायाप्रकाश देऊन एकदाच रंगवलेली असे, आणि जे हलायचं ते वर पारदर्शक शीटवर सपाट रंगात. त्यामुळे कपाटातल्या शंभर पुस्तकांतलं एकच पुस्तक चकचकीत दिसलं की बघणारी पोरं ओरडणार, "तेच ओढणार आता, भिंत सरकणार!" आणि सरकायचीच. माझ्या नातीने हे मला पाचव्या वर्षी दाखवून दिलं. कलाशाळेत कोणी शिकवलं नव्हतं.

आता जपानी चित्रकथाकार गोशो आओयामा यांच्याकडे येतो. माझ्या मते ही अडचण खरी सोडवली ती त्यांनी. 'डिटेक्टिव्ह कोनान' 1994 साली 'शोनेन संडे' या जपानी साप्ताहिकात सुरू झालं. शंभरावा खंड 2021 मध्ये आला. त्यात गुन्हेगार उघड होईपर्यंत त्याच्या जागी नुसती काळी आकृती दिसते. डोळे आणि दात, बाकी डांबर. उंच, बुटका, बाई, बुवा, सगळे त्याच काळ्या कातडीत. 'कोणीतरी' या शब्दाचं चित्र माझ्या पाहण्यात हे एकच! वाचकांना ते इतकं आवडलं की 2017 साली त्या काळ्या आकृतीची स्वतंत्र विनोदी मालिका निघाली. कोणाचा तरी खून करायला गावाकडून शहरात आलेला बिचारा.

या पुस्तकातल्या नावांतही लपंडाव आहे. नायकाचं टोपणनाव कोनान एदोगावा. कोनान आलं आर्थर कॉनन डॉइल यांच्याकडून, एदोगावा आलं एदोगावा राम्पो यांच्याकडून. आणि राम्पो यांनी ते नाव घेतलं होतं एडगर अॅलन पो यांच्यावरून. उसनवारीची ही उतरंड वाचून मला आपले रहस्यकथाकार बाबूराव अर्नाळकर आठवतात. चंद्रकांत सखाराम चव्हाण या खऱ्या नावाखाली त्यांचा झुंजार खपला असता का, देव जाणे.

कोनान म्हणजे औषधाने लहान झालेला सतरा वर्षांचा पोरगा. खासगी गुप्तहेराची पाटी मात्र कोगोरो मोरी यांची. पोलिसातली नोकरी सुटलेले, दारूवर प्रेम असलेले. कचेरी पहिल्या मजल्यावर आणि खाली कॉफीचं दुकान, नाव पोआरो. उलगड्याची वेळ आली की कोनान मनगटी घड्याळातून गुंगीची सुई मारतो, मोरी खुर्चीत कोसळतात, आणि पोरगा मागे लपून बो-टायमधल्या यंत्रातून त्यांच्या आवाजात बोलतो. रामदास पाध्ये यांच्या बाहुल्या बोलक्या. इथे माणूसच बाहुली. लोक म्हणतात, काय गाढ चिंतन! कथेतल्या सगळ्यांना फसवणारं ते लबाड चित्र वाचकाला मात्र सगळं दाखवतं. गुन्हेगार लपवला, गुप्तहेर उघडा ठेवला.

मराठी गुप्तहेर रघुवीर मुळगावकरांच्या मुखपृष्ठांवर झोकात उभा राहिला, पण आतल्या चौकटींत फारसा शिरला नाही. प्रकाशक म्हणतात, चित्रं महाग पडतात. खरं आहे, पडतात. पण पन्नास पानांच्या गोष्टीला एकच चित्र मागणारे, प्रकाशकहो, तुम्हीच, आणि तेही नेमकं खुनाचं. लेखकांनाही माझी विनंती आहे. संहिता देताना पहिल्या पानावर 'कोणीतरी' असेल, तर त्याचं काय दिसू द्यायचं हे चित्रकाराबरोबर बसून ठरवा. सावली चालेल, चपला चालतील, जिन्याचा नुसता कठडाही चालेल.

माझं ते जुनं चित्र बाहेरच्या प्रदर्शनात लावलंय, दाराच्या डाव्या हाताला. कथा सोबत ठेवलेली नाही. ठेवून उपयोगही नव्हता.